शिशाचे नाणे आणि ओसाड खाण

सातवाहनांच्या नाण्यांकडे पाहताना अभ्यासकाला प्रथम जाणवते ते त्यांच्या धातूचे साधेपण. कुषाणांनी सोने टाकसाळीत आणले, पश्चिमी क्षत्रपांनी चांदीवर आपले मुखवटे उमटविले. दख्खनच्या या बलाढ्य राजवंशाने मात्र आपला बहुतेक व्यवहार शिसे, तांबे आणि पोटीन यांवर चालविला. पोटीन म्हणजे तांबे, कथील व शिसे यांचा मिश्रधातू. चांदी त्यांना अपरिचित होती असे नाही. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात नहपानाचा पाडाव केल्यावर त्याच्याच चांदीच्या नाण्यांवर आपली चिन्हे ठोकली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या संचयात बहुसंख्य नाणी अशी पुनर्मुद्रित आहेत. पुढे सातवाहनांनी राजमुद्रेची चांदीची नाणीही पाडली. परंतु पैठण, नेवासे, तेर, भोकरदन, कोल्हापूर अशा स्थळांच्या पांढरीतून जे पुन्हा पुन्हा वर येते, ते शिशाचे जड, मऊ, पांढुरक्या पुटाखाली अक्षरे हरवून बसलेले नाणे होय.

या नाण्यांवरील लेख, त्यांवरील हत्ती, चैत्य, उज्जैन चिन्ह, धनुष्यबाण आणि शिडाचे जहाज यांविषयी विपुल लेखन झाले आहे. रॅप्सनने १९०८ मध्ये त्यांची सूची सिद्ध केली, वा. वि. मिराशींनी तत्कालीन अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ साली मिळालेल्या पोटीन नाण्यांच्या संचयाचे वाचन करून राजांची परंपरा पुष्कळशी स्थिर केली. मात्र एक प्रश्न या साऱ्या विवेचनाच्या कडेलाच राहिला. ज्या धातूवर राजाने आपले नाव कोरविले तो धातू आला कोठून?

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. पैठण, नेवासे, जुन्नर, नाशिक, तेर ही सातवाहनकालीन जीवनाची सारी केंद्रे ज्या काळ्या कातळावर उभी आहेत तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून थरावर थर साचून घडला. या कातळाने महाराष्ट्राला लेणी दिली, किल्ले दिले, कपाशीची काळी जमीन दिली. त्याच्या पोकळ्यांत अकीक आणि झिओलाइटाचे सुंदर स्फटिक मिळतात. शिशाचे धातुपाषाण मात्र त्यात नाहीत. याचा अर्थ असा की पैठणच्या बाजारात हातोहात फिरलेल्या प्रत्येक शिशाच्या नाण्यातील धातू हा परक्या खडकातून आलेला होता. जी वस्तू राज्याच्या गाभ्यात कोठेच निपजत नव्हती, तिच्यावर त्या राज्याच्या दैनंदिन देवघेवीचा भार होता. या विसंगतीचा उलगडा करण्यासाठी इतिहासकाराला ग्रंथांकडून खडकांकडे आणि पुन्हा ग्रंथांकडे यावे लागते.

ग्रंथांपैकी सर्वांत ठाम साक्ष रोमन लेखक थोरला प्लिनी याची. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेल्या या बहुश्रुत गृहस्थाने आपल्या सदतीस खंडांच्या निसर्गविषयक कोशात, धातूंच्या चौतिसाव्या खंडात, असे नोंदविले आहे की भारतात तांबेही नाही आणि शिसेही नाही. आपली रत्ने आणि मोती देऊन तो देश हे धातू घेतो. हे विधान पुढील अनेक इतिहासकारांनी जसेच्या तसे स्वीकारले. त्याला दुजोरा देणारा आणखी एक ग्रंथही हाताशी होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या अनामिक ग्रीक दर्यावर्द्याच्या टिपणात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्य, तांबे, कथील यांच्या बरोबरीने शिसेही येते. मलबारच्या मुझिरिस बंदराच्या यादीतही ते आहे. त्याच टिपणात भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असल्याचे सांगितले आहे. बंदर, वाट आणि राजधानी अशी साखळी जुळली. सातवाहनांचे शिसे रोमन जहाजांतून आले, हा निष्कर्ष त्यातून जवळजवळ आपोआप निघाला.

परंतु साहित्याच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबून प्लिनीच्या शब्दाकडे पाहिले पाहिजे. त्याने वापरलेला लॅटिन शब्द 'प्लंबम' हा आहे, आणि हा शब्द त्याच्या भाषेत एका धातूचा वाचक नव्हता. काळा प्लंबम म्हणजे शिसे, पांढरा प्लंबम म्हणजे कथील, असा भेद तो स्वतःच करतो. भारतासंबंधीच्या वाक्यात कोणतेही विशेषण नाही. तेथे शिसे अभिप्रेत आहे, कथील आहे की दोन्ही, हे वाक्यावरून निश्चित करता येत नाही. कथिलापुरते पाहिले तर त्याचे म्हणणे वास्तवापासून फार दूर नाही, कारण भारतात कथिलाचे साठे खरोखरच तुटपुंजे आहेत. शिशाविषयी मात्र ते टिकत नाही.

अशी संदिग्धता संस्कृतालाही परकी नाही. वाजसनेयी संहितेतील धातूंच्या गणनेत सीस आणि त्रपु हे दोन वेगळे शब्द शेजारी शेजारी येतात, म्हणजे शिसे व कथील यांचा भेद वैदिकांना ठाऊक होता. अथर्ववेदात तर शिशाला उद्देशून एक सूक्त आहे. दुष्ट शक्तींचा नाश करणारा धातू म्हणून त्याचे तेथे आवाहन केले आहे. अमरकोशात नाग आणि सीसक हे शिशाचे, तर वंग आणि रंग हे कथिलाचे पर्याय दिले आहेत. तरीही व्यवहारात या दोन मऊ, पांढुरक्या, थोड्या आचेवर वितळणाऱ्या धातूंची नावे एकमेकांत मिसळत राहिली. मराठीने तर पुढे जाऊन ज्या लेखणीत शिशाचा कणही नाही, केवळ ग्रॅफाइट आहे, तिला शिसपेन्सिल म्हटले. धातूचे नाव आणि धातू यांच्यात असे अंतर पडते, म्हणूनच एखाद्या प्राचीन शब्दाचा अर्थ अखेर खडकावर तपासून घ्यावा लागतो.

भारतीय ग्रंथकारांना शिशाचा खडक माहीत होता याचा पुरावा कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त मिळतो. त्याच्या दुसऱ्या अधिकरणातील आकरविषयक अध्यायात निरनिराळ्या धातुपाषाणांची लक्षणे दिली आहेत. शिशाच्या पाषाणाविषयी तो सांगतो की तो कावळ्यासारखा काळा, किंवा पारव्याच्या वा गोरोचनाच्या रंगाचा, पांढऱ्या रेघांचा आणि उग्र दर्पाचा असतो. हे वर्णन ऐकीव वाटत नाही. गॅलेना हे शिशाचे मुख्य खनिज, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग, शिसवी काळसर करड्या रंगाचे असते आणि ते पुष्कळदा पांढऱ्या कॅल्साइटाच्या किंवा गारेच्या शिरांसह आढळते. भाजताना त्यातून गंधकाचा तीव्र वास सुटतो. खाणीच्या तोंडाशी उभे राहून हे पाहिलेल्या कोणाचा तरी अनुभव या सूत्रांत उतरला असावा. खाणींतून कोश आणि कोशातून सेना, अशी राज्याची उभारणी सांगणाऱ्या या ग्रंथकाराच्या देशात शिसेच नव्हते, असे मानणे कठीण आहे.

आता खडकांकडे वळता येईल. बेसाल्टाचा प्रदेश ओलांडून दक्षिणेस गेले की भूमी एकदम बदलते. बेंगळुरूच्या आग्नेयेस, होसूर आणि सर्जापूर या रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली एचएसआर लेआउट ही वसाहत या दुसऱ्या भूमीचा नमुना म्हणून घेता येते. क्रमांकित सेक्टर, आखीव रस्ते आणि शेजारचा अगराचा जुना तलाव यांच्याखाली, तांबड्या मातीच्या थराच्या तळाशी, पट्टिताश्म आहे. भूवैज्ञानिक त्याला नाइस म्हणतात. मैसूर संस्थानचे भूवैज्ञानिक डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी त्याला द्वीपकल्पीय नाइस हे नाव दिले. त्याचा उघडा खडक शहरातील लालबागेत राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपला आहे. हा खडक सुमारे तीन अब्ज वर्षांचा आहे. एचएसआर लेआउटपासून फार दूर नसलेल्या बेगूरच्या देवालयात इ. स. ८९० च्या सुमाराचा जो शिलालेख बेंगळुरूचे नाव प्रथम सांगतो, त्या काळापर्यंत या खडकाने जमिनीला पाया आणि माणसाला बांधकामाचा दगड पुरविला. पुढेही तो तेच करीत राहिला. शिशाची खाण त्याने दिली नाही.

तरीही या खडकात शिसे आहे, आणि तेही अर्थपूर्ण रीतीने. पट्टिताश्मात झिरकॉन या खनिजाचे डोळ्याला न दिसणारे कण असतात. ते घडताना युरेनियम आपल्यात सामावून घेतात आणि शिशाला जवळजवळ थारा देत नाहीत. पुढे युरेनियमाचा किरणोत्सर्गी ऱ्हास होत जातो व त्याचे रूपांतर अतिशय संथ परंतु ठरलेल्या गतीने शिशात होते. कणात साठलेले शिसे आणि उरलेले युरेनियम यांचे प्रमाण मोजले की खडकाचे वय कळते. एचएसआर लेआउटखालच्या खडकाचे तीन अब्ज वर्षांचे वय अशा शिशाच्या अणूंनीच सांगितलेले आहे. शिसे हा काळ मोजणारा धातू आहे, हे सूत्र येथे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. सातवाहनांच्या नाण्याकडे परतताना त्याचाच उपयोग व्हायचा आहे.

या भूभागात रोमन व्यापाराच्या खुणाही आहेत. बेंगळुरूच्या यशवंतपूर भागात १८९१ मध्ये आणि एचएसआर लेआउटच्या उत्तरेस विमान कारखान्याच्या परिसरात १९६५ मध्ये रोमन चांदीच्या नाण्यांचे साठे सापडले. परंतु शिशाच्या नाण्यांचा खरा माग वायव्येस चित्रदुर्गापर्यंत जातो. तेथील चंद्रवळ्ळी येथे मैसूर पुरातत्त्व खात्याच्या एम. एच. कृष्ण यांनी आणि नंतर १९४७ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केले. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांबरोबर ऑगस्टस आणि टायबेरियस यांची रोमन नाणी तेथे मिळाली. याच परिसरातून 'सदकण कळलाय महारठी' असा लेख असलेली शिशाची नाणी ज्ञात आहेत. महारठी ही सातवाहनकालीन सरदारांची पदवी. तिचा संबंध काही अभ्यासकांनी महाराष्ट्र आणि मराठा या नावांशी जोडला आहे. नाणेघाटातील लेखावरून ओळखीची असलेली राणी नागनिका हीदेखील एका महारठीची कन्या होती. महाराष्ट्राच्या नावाशी जोडली गेलेली ही पदवी कानडी मुलखात, शिशावर, वाचावयास मिळते, ही घटना प्राचीन दख्खनच्या सीमांविषयी बरेच काही सांगून जाते.

या प्रदेशाच्या पूर्वेस खडकांचा तिसरा प्रकार लागतो. आंध्र प्रदेशात, प्राचीन पट्टिताश्माच्या पायावर, कडप्पा नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका विशाल खोऱ्यात कोट्यवधी वर्षे गाळ साचत राहिला. चुनखडी, डोलोमाइट, शेल आणि वालुकाश्म यांचे ते थर होत. खोऱ्याच्या पूर्व बाजूचे थर पुढे दाबाखाली येऊन घड्या पडून उभे राहिले. नल्लमला डोंगररांगा त्यातून घडल्या. या रांगांच्या पूर्व कडेला, कृष्णा नदीच्या दक्षिणेस, पूर्वीच्या गुंटूर आणि आताच्या पलनाडू जिल्ह्यात विनुकोंडा भागात अग्निगुंडाल हे गाव आहे. त्याच्या परिसरात तीन ठिकाणी धातूंचे साठे आहेत: बंडलमोट्टू येथे मुख्यतः शिसे, तर नल्लकोंडा आणि धुकोंडा येथे मुख्यतः तांबे. बंडलमोट्टूची लहानशी शिशाची खाण आता बंद पडली आहे. सातवाहनांच्या शिशाचा विचार करताना ती विशेष महत्त्वाची ठरते.

बंडलमोट्टूच्या धातूचे घर डोलोमाइट हा खडक आहे. भूवैज्ञानिक या थरांना कंबम शैलसमूह म्हणतात. दीड अब्ज वर्षांपलीकडे उथळ समुद्रात साचलेला चुन्याचा आणि मॅग्नेशियमचा हा गाळ. त्याच्या थरांतून, भेगांतून आणि शिरांतून गॅलेना पसरले आहे. ताजा तुकडा फोडला तर त्याचे पृष्ठ चांदीसारखे चमकते आणि तो लहान लहान घनाकृती पायऱ्यांनी फुटतो. हाताला तो अनपेक्षित जड लागतो, कारण पाण्याच्या साडेसात पट त्याचे वजन असते. शुद्ध गॅलेनात वजनाने ८६ टक्क्यांहून अधिक शिसेच असते. गॅलेनाबरोबर पितळेसारखे पिवळे चॅल्कोपायराइट, लोखंड व गंधकाचे पायराइट आणि जस्ताचे स्फॅलेराइट ही खनिजे कमीअधिक प्रमाणात येतात. अशा साठ्यांच्या वरच्या भागात, जेथे पावसाचे पाणी आणि हवा पोहोचते, तेथे गॅलेना हळूहळू बदलून सेरुसाइट म्हणजे शिशाचे कार्बोनेट आणि अँग्लेसाइट म्हणजे शिशाचे सल्फेट तयार होते. पांढरट, मातकट, दिसायला क्षुल्लक अशी ही खनिजे प्राचीन खाणकामगाराला अधिक सोयीची होती. भाजून गंधक घालविण्याचा खटाटोप न करता कोळशाच्या आचेवर त्यांतून धातू सुटतो.

शिसे गाळण्याची प्रक्रिया सोपी आहे, आणि तिचे हे सोपेपणच इतिहासकाराची अडचण होऊन बसते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. गॅलेना आधी मोकळ्या हवेत भाजले, मग लाकडाच्या व कोळशाच्या साध्या भट्टीत टाकले की धातू तळाशी ओघळतो. धातुपाषाण समृद्ध असेल तर मागे मळीही थोडीच उरते. तुलनेसाठी राजस्थानातील झावर पाहावे. उदयपूरच्या दक्षिणेस असलेल्या त्या खाणींत जस्त ऊर्ध्वपातनाने काढले जाई, त्यासाठी मातीच्या लाखो मुशी लागत. त्यांचे ढीग आजही टेकड्यांसारखे उभे आहेत आणि जुन्या घरांच्या भिंतीसुद्धा त्याच मुशींनी बांधलेल्या आहेत. १९८० च्या दशकात हिंदुस्थान झिंक, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून तेथे केलेल्या संशोधनात के. टी. एम. हेगडे आणि पॉल क्रॅडॉक यांचा वाटा मोठा होता. झावर, राजपुरा-दरिबा आणि रामपुरा-आगुचा या राजस्थानातील खाणींतील लाकडाच्या व कोळशाच्या अवशेषांचे किरणोत्सर्गी कार्बनने कालमापन झाले, तेव्हा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातच तेथे खोलवर खाणकाम चालू होते हे निर्विवाद ठरले. प्लिनीच्या जन्मापूर्वी कित्येक शतके भारतात शिसे आणि चांदी यांची खाण चालत होती. शिशाविषयीचे त्याचे वाक्य, त्याचा शब्द कसाही लावला तरी, भूमीच्या कसोटीला उतरत नाही.

मग ते वाक्य निरर्थक मानावे काय? तसे मानणे घाईचे होईल. प्लिनी खडकांचे सर्वेक्षण करीत नव्हता. व्यापाऱ्यांच्या तोंडून आलेली वार्ता तो नोंदवीत होता. बंदरावर शिसे विकले जाते आणि बदल्यात मोती मिळतात, एवढे व्यापारी पाहतो. देशात त्याला मागणी आहे यावरून देशात ते नाहीच, असा निष्कर्ष त्याने किंवा त्याच्या माहीतगाराने काढला. यातले निरीक्षण खरे आहे, अनुमान तेवढे चुकीचे. राजस्थानच्या खाणी क्षत्रपांच्या वर्चस्वाखालील प्रदेशापलीकडे होत्या. दख्खन आणि क्षत्रप यांच्यात युद्धे चालू असताना तिकडचा धातू सुरळीत येणे अवघड होते. समुद्रमार्गे येणारे शिसे हा त्यावर एक उपाय होता. दुसरा उपाय पूर्वेकडचा. कृष्णेच्या खोऱ्यात अमरावतीसारखे मोठे केंद्र होते, सातवाहनांची सत्ता उत्तरकाळात तिकडेच अधिक रुजली, आणि किनाऱ्यावरील शिडाच्या जहाजाची त्यांची प्रसिद्ध नाणी शिशाचीच आहेत. या केंद्रापासून नल्लमलाच्या कडेचे गॅलेना काही दिवसांच्या बैलगाडीच्या वाटेवर होते. अग्निगुंडाल परिसरात जुन्या खाणकामाच्या खुणा आधुनिक सर्वेक्षकांनाही आढळल्या. एकाच राजवंशाला निरनिराळ्या काळी निरनिराळ्या दिशांनी धातू मिळविता आला असता, हे अधिक संभवनीय दिसते.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. तेलुगूत अग्निगुंडम म्हणजे अग्नीचे कुंड. गावाच्या नावात प्राचीन भट्ट्यांची स्मृती असावी, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु अग्निगुंडम हा निखाऱ्यांवरून चालण्याच्या धार्मिक विधीचाही शब्द आहे, आणि केवळ नावावरून इतिहास उभारण्याची सवय स्थलनामांच्या अभ्यासाला पुष्कळदा भोवली आहे. जे प्लिनीच्या शब्दाबाबत खरे, तेच या नावाबाबतही. शब्द दिशा दाखवितो. पुरावा वेगळा लागतो.

तो पुरावा शिशाच्या अणूंतच दडलेला आहे. निसर्गातील शिशाचे चार स्थिर समस्थानिक आहेत: २०४, २०६, २०७ आणि २०८. यांपैकी पहिला आरंभापासून जेवढा होता तेवढाच आहे. उरलेले तिन्ही युरेनियम व थोरियम यांच्या ऱ्हासातून सतत वाढत असतात. गॅलेना ज्या क्षणी स्फटिकरूप होते त्या क्षणी त्यातील शिसे युरेनियमापासून विलग होते, आणि त्या वेळचे समस्थानिकांचे परस्पर प्रमाण कायमचे गोठून जाते. झिरकॉन घड्याळासारखे चालू राहते, तर गॅलेना थांबलेल्या घड्याळासारखे आपली वेळ जपून ठेवते. म्हणूनच निरनिराळ्या खाणींच्या शिशाची प्रमाणे पुष्कळदा वेगवेगळी असतात, आणि भट्टी, टाकसाळ वा जमीन यांतून गेल्यानेही ती बदलत नाहीत. नाण्याचा सूक्ष्म कण आणि खाणीतला खडा यांची तुलना यामुळे शक्य होते. बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेशी निगडित असलेल्या शारदा श्रीनिवासन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंभराहून अधिक दक्षिण भारतीय धातुमूर्तींना ही पद्धत लावली आणि मूर्तींच्या कालखंडनिश्चितीला तिचा आधार घेता येतो हे दाखवून दिले.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. शिसे पुन्हा पुन्हा वितळविले जाते. रोमन तुकडा, राजस्थानचा गोळा आणि कृष्णाकाठचा धातू एकाच मुशीत पडला की तिन्हींची खूण एकमेकांत मिसळते. शिवाय धातूचे जन्मस्थान हे राजवंशाचे जन्मस्थान नव्हे. सातवाहन मूळचे महाराष्ट्राचे की आंध्राचे, हा वाद दीर्घकाळ चालत आलेला आहे. पुराणांनी त्यांना आंध्र म्हटले. नाणेघाट आणि नाशिकचे लेख पश्चिमेकडे बोट दाखवितात. तेलंगणातील कोटिलिंगाल येथे मिळालेल्या छिमुकाच्या नाण्यांनी पूर्वेचा पक्ष बळकट केला. या वादात एखाद्या खाणीचा पुरावा मिळाला की तो लगेच एका पक्षाच्या पारड्यात टाकण्याची घाई होते. पैठणच्या नाण्यात नल्लमलाचे शिसे निघाले तर त्यावरून पैठण आंध्राचे ठरत नाही, आणि चित्रदुर्गाच्या शिशावर महारठी हे अक्षर असल्याने चित्रदुर्ग महाराष्ट्राचे ठरत नाही. अशा शोधातून एवढे सिद्ध होईल की आज तीन-चार भाषांत वाटल्या गेलेल्या या भूमीवर धातू, माणसे आणि पदव्या यांची ये-जा मोकळी होती. प्रादेशिक अभिमानाला हे उत्तर अपुरे वाटेल. इतिहासाला ते पुरेसे आहे.

आता त्या खाणीच्या अखेरीकडे पाहिले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर देशाला शिसे-जस्ताची निकड भासू लागली, तेव्हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने अग्निगुंडाल पट्ट्याचा शोध घेतला. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान झिंक या सरकारी कंपनीने पुढे बंडलमोट्टूची खाण चालविली. कंपनीचा शिसे-जस्ताचा एक कारखाना विशाखापट्टणमला १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभा राहिला होता, त्यामुळे या दक्षिणेकडील साठ्याला महत्त्व आले. परंतु राजस्थानातील रामपुरा-आगुचासारख्या प्रचंड साठ्यांपुढे ही खाण चिमुकली होती. थोडा धातू, अवघड घड्या पडलेला खडक आणि वाढता खर्च यांमुळे ती परवडेनाशी झाली आणि शतक पालटण्याच्या सुमारास तिचे काम थांबले. बंद पडलेल्या खाणीत पाणी भरते, आधाराचे खांब कोसळतात, बोगद्यांची तोंडे बुजतात. उघड्यावर पडलेल्या धातुपाषाणाच्या चुऱ्यात शिसे उरलेले असते, आणि शिसे हे माती-पाण्यात उतरल्यास माणसाला, विशेषतः मुलांना, घातक ठरते. त्यामुळे खाण बंद केल्यावरही तिची जबाबदारी संपत नाही.

इतिहासाच्या दृष्टीने याहून एक सूक्ष्म हानी होत असते. आधुनिक खाण नेहमी तेथेच खणली जाते जेथे प्राचीन खाण होती, कारण धातू तेथेच असतो. जुन्या हस्तलिखितावरील मजकूर खरवडून त्यावर नवा ग्रंथ लिहावा, तसे सुरुंग जुन्या खाणकामगाराच्या छिन्नीच्या खुणा पुसून टाकतात. झावर आणि दरिबा येथे अभियंते व पुरातत्त्वज्ञ एकत्र आले म्हणून जुनी लाकडे, शिड्या आणि कोळसा वेळेत नोंदला गेला. असे साहचर्य प्रत्येक लहान खाणीच्या वाट्याला येत नाही. मोठ्या खाणीचा इतिहास लिहिला जातो. लहान खाण हिशेबाच्या वहीत तोट्याच्या रकान्यात संपते. वस्तुतः सातवाहनांच्या दैनंदिन जीवनाविषयी जे प्रश्न ग्रंथांनी सोडविले नाहीत, त्यांची काही उत्तरे अशाच लहान खाणींच्या भिंतींवर आणि राडारोड्यात असण्याचा संभव अधिक.

साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय दूरचा वाटू नये. परंपरेने ज्या हाल सातवाहनाकडे गाथासप्तशतीचे संकलन दिले आहे, त्याच्या वंशाची नावे शिशावर उमटली. आणि त्या गाथांचा ग्रंथ मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने काव्यमालेत १८८९ साली छापला तोही शिशाच्याच खिळ्यांनी. मुद्रणाचे खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असत. शिशाचा भाग त्यांत सर्वांत मोठा. संगणकाने खिळे निवृत्त केले त्याआधीच्या काळातील मराठी पुस्तके या धातूवाचून हातात आलीच नसती. असे असूनही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कागद आणि शाई यांचा उल्लेख होतो, धातूचा क्वचितच होतो.

सातवाहनांचे शिशाचे नाणे जेथे जेथे वस्तुसंग्रहालयाच्या पेटीत ठेवले आहे, तेथे त्याच्याखाली राजाचे नाव, लिपी, चिन्हे आणि सापडल्याचे ठिकाण लिहिलेले असते. त्याच चिठ्ठीवर धातूच्या उगमासाठी एक ओळ असावयास हवी. ती भरण्याची साधने आज देशातल्या प्रयोगशाळांत आहेत. खाणींचे नमुने मात्र दरवर्षी पाण्याखाली आणि राडारोड्याखाली जात आहेत. ते गोळा करून ठेवण्याचे काम नाण्यांच्या सूच्या करण्याइतकेच तातडीचे आहे.